दहावीच्या भूगोलातील ब्राझील : राजुऱ्याहून केलेले एक परीक्षण

महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळाने २०१८ साली इयत्ता दहावीसाठी भूगोलाचे जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्याची मांडणी पूर्वीच्या शालेय भूगोलांहून सर्वस्वी निराळी आहे. क्षेत्रभेटीवरील पहिला पाठ सोडला तर उरलेल्या साऱ्या पुस्तकात भारत आणि ब्राझील हे दोन देश शेजारी शेजारी ठेवले आहेत. स्थान-विस्तार, प्राकृतिक रचना, हवामान, वनस्पती व प्राणी, लोकसंख्या, मानवी वस्ती, अर्थव्यवस्था, पर्यटन व वाहतूक अशा क्रमाने त्यांची तुलना केली आहे. मराठी शाळांतून शिकणाऱ्या मुलांस दक्षिण अमेरिकेतील एका देशाचा इतका विस्तृत परिचय यापूर्वी क्वचितच घडविला गेला असेल. परदेश म्हटला की इंग्लंड किंवा अमेरिकेची संयुक्त संस्थाने डोळ्यांपुढे यावीत, ही आपल्या शिक्षणाची जुनी खोड. ती मोडून आपल्याप्रमाणेच परक्या सत्तेखाली राहिलेला, उष्ण कटिबंधात वसलेला आणि रानांनी व नद्यांनी समृद्ध असा देश निवडण्यात मंडळाने दूरदृष्टी दाखविली, हे प्रथमच नमूद करावयास हवे.

भाषाशास्त्राच्या अध्यापकाने भूगोलाच्या पुस्तकाचे परीक्षण करावे हे कित्येकांस अनधिकाराचे वाटेल. परंतु एका देशाची ओळख दुसऱ्या देशातील मुलास करून देणे हे मूलतः भाषेचे काम आहे. नकाशा आणि आलेख यांना भाषांतर लागत नाही, हे खरे. देशातील माणसे, त्यांची शेती, त्यांचे व्यवहार आणि त्यांची गावे मात्र शब्दांतूनच येतात, आणि ते शब्द कोणत्या वाटेने आले यावर ओळख खरी की वरवरची, हे अवलंबून राहते. शिवाय प्रस्तुत लेखक ज्या राजुरा तालुक्यात राहतो, तेथून हे पुस्तक वाचताना त्यातील काही स्थळे अशी उजळून दिसतात, की तशी ती पुण्यात बसलेल्या वाचकास कदाचित दिसणार नाहीत. या परीक्षणाचा आधार तेवढाच आहे.

प्रथम नावांचा विचार करू. पुस्तकात ब्राझीलमधील जी विशेषनामे येतात, ती बहुतांशी इंग्रजी लेखनावरून देवनागरीत उतरवलेली आहेत. पोर्तुगीज उच्चारावरून ती घेतलेली नाहीत. 'साओ पाउलो' हे त्याचे परिचित उदाहरण होय. मूळ पोर्तुगीज नावातील पहिला शब्द 'संत' या अर्थाचा असून त्यात अनुनासिक जोडस्वर आहे. इंग्रजीत तो स्वर नाही, म्हणून इंग्रजी वाचक तो तोडून दोन अक्षरे करतो आणि आपण त्याचे अनुकरण करतो. आता गंमत अशी, की आपल्या शेजारी, कोकणी भाषेत, हा शब्द शेकडो वर्षे वापरात आहे. गोव्यात २४ जूनला 'सांजांव' साजरा होतो. त्यातील 'सां' हा तोच संत आणि 'जांव' म्हणजे जुआंव. कोकणी माणूस त्या शहराचे नाव 'सांव पावलु' असे सहज लिहील आणि ते मूळ उच्चाराच्या कितीतरी जवळ जाईल. मराठीनेही एके काळी लेखनात अनुस्वार मुबलक वापरले. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले ते ठीकच झाले, पण अनुनासिक स्वर लिहिण्याची सोय आपल्या लिपीत आजही आहे. आपल्याच दारातून येणारी वाट सोडून आपण लंडनचा वळसा घेतला, एवढेच येथे दाखवावयाचे आहे.

हा वळसा घेतल्यामुळे मुलाचे एक निश्चित नुकसान होते. ब्राझीलची भाषा त्याला पूर्णपणे परकी वाटते. वस्तुतः ती तशी नाही. पगार, चावी, लिलाव, पाव, घमेले, बिजागरी, तुरुंग हे शब्द उच्चारताना तो पोर्तुगीजच बोलत असतो. ईशान्य ब्राझीलमधील नाताल या शहराचे नाव आणि आपला नाताळ हे एकच. त्या शहराची स्थापना १५९९ साली ख्रिस्तजन्माच्या दिवशी झाली म्हणून त्यास ते नाव मिळाले. रिओ दी जनेरिओ जवळचा प्रसिद्ध सुळका हा पोर्तुगीजांच्या लेखी साखरेचा 'पाव' आहे. काजू आणि अननस तर त्याहून जुनी साक्ष देतात: हे दोन्ही शब्द ब्राझीलच्या किनाऱ्यावरील तुपी लोकांच्या भाषेतून पोर्तुगीजांनी उचलले आणि फळांसह आपल्याकडे आणले. 'मातु ग्रोसु' या प्रांतनामाचा अर्थ दाट रान. चंद्रपूर, गडचिरोली व भंडारा या भागांस झाडीपट्टी म्हणणाऱ्या आणि आपल्या बोलीस झाडीबोली म्हणणाऱ्या माणसाला याहून जवळचे नाव कोणते सापडणार? 'मिनास जेराइस' म्हणजे खाणींचा मुलूख. सास्तीच्या कोळसा खाणी आणि गडचांदूरच्या सिमेंटचे कारखाने पाहत वाढलेल्या मुलास तेही परके वाटू नये. शब्दांची अशी चार घरे उघडून दाखविण्यास पाठात फार तर अर्धे पान लागले असते.

परंतु उच्चारदोष हा लहान अपराध झाला. तो मोठा कसा होतो, हे एका शब्दावरून दाखवितो. ब्राझीलमधील जंगलतोडीची कारणे सांगताना पुस्तकात 'रोका' नावाच्या शेतीचा उल्लेख येतो. रान तोडून, जाळून, त्या राखेत पेरणी करणे आणि दोनतीन वर्षांनी दुसरा तुकडा निवडणे, अशी ती पद्धत. भारतातील 'झूम'शी तिची तुलनाही केली आहे. हा 'रोका' शब्द केवळ याच पुस्तकात आला आहे असे नव्हे. केंद्रीय मंडळाच्या पाठ्यपुस्तकांतून तो कितीतरी वर्षे भारतभर पाठ केला जात आहे. मात्र असा शब्द पोर्तुगीज भाषेत या अर्थाने नाही. मूळ शब्दातील तिसऱ्या अक्षराखाली एक लहान शेपटी असते आणि त्या शेपटीमुळे त्याचा उच्चार 'क' न होता 'स' होतो. इंग्रजी छापखान्यात ती शेपटी गळाली आणि 'रॉसा'चे 'रोका' झाले. (ब्राझीलच्या बहुतेक भागांत शब्दारंभीच्या 'र'चा उच्चार 'ह'कडे झुकतो, तेव्हा तेथे प्रत्यक्षात 'हॉसा' असे ऐकू येईल. पण तो भेद तूर्त सोडून देऊ.)

'रॉसा' म्हणजे तोडून मोकळी केलेली जागा. ब्राझीलच्या खेड्यांत आज त्याचा अर्थ त्याहून व्यापक आहे: लहान शेत, घरचा पिकाऊ तुकडा, आणि शहराच्या विरुद्ध असलेला सारा ग्रामीण मुलूख. तेथील माणूस 'रॉसात जातो' तेव्हा तो रान जाळावयास निघालेला असतो असे नाही. मनिहॉट किंवा शेंगा काढावयास, अथवा नुसताच म्हाताऱ्या आईस भेटावयास तो निघालेला असू शकतो. विदर्भात आपण ज्या भावाने 'वावर' म्हणतो, जवळजवळ त्याच भावाने तेथे 'रॉसा' म्हणतात. रान जाळण्याच्या क्रियेस तेथे तुपीतून आलेला 'कोइवारा' हा स्वतंत्र शब्द आहे. म्हणजे पाठ्यपुस्तकातील 'रोका' हा उच्चाराने खोटा आणि अर्थाने अपुरा, असा दुहेरी सदोष शब्द ठरतो. ज्या शब्दात एका समाजाचे घरदार होते, तो आपल्याकडे येईपर्यंत जंगलतोडीच्या कारणांच्या यादीतील एक कलम होऊन बसला.

आता ही गोष्ट राजुऱ्यातून पाहू. माणिकगडच्या डोंगरात राहणारे कोलाम आणि दक्षिणेकडील आदिलाबादच्या टेकड्यांतील त्यांचे भाईबंद एके काळी हीच शेती करीत. तेलुगूत तिला 'पोडू' म्हणतात. भामरागडच्या बाजूस माडिया लोकांत तिचे नाव 'पेंदा'. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या अभ्यासकाने १९४० च्या दशकात या प्रदेशात राहून कोलामांची कुदळीची व खणत्या काठीची शेती पाहिली आणि राखीव जंगलांच्या सीमा आखल्या जाताच ती कशी आवळत गेली, तेही नोंदले. तेव्हा राजुरा-जिवतीच्या शाळेतील कोलाम मुलास 'रॉसा' समजावून सांगण्यासाठी ईशान्य भारतातील झूमपर्यंत जाण्याचे काही कारण नाही. त्याच्या आजोबांना, निदान पणजोबांना, ती ठाऊक होती. पण पुस्तक वाचून त्या मुलाच्या मनात काय उरते? ब्राझीलमध्ये रान नष्ट करणारी एक मागासलेली शेतीपद्धत आहे, आणि तशी भारतातही दूर कोठेतरी आहे, इतकेच. आपल्या घराण्याचा त्याच्याशी संबंध आहे हे त्याला कळतच नाही. आणि कळलेच तर पाठाचा सूर असा आहे, की ते त्याने लपवावे. आपल्या भूगोलग्रंथांतून रूढ झालेले 'भटकी शेती' हे नाव तर मला नेहमीच अन्यायाचे वाटत आले आहे. या पद्धतीत शेत जागा बदलते, आणि तेही बहुधा ठरलेल्या फेऱ्यात. गाव अनेकदा जागच्या जागी असते. 'भटका' हे विशेषण मात्र शेतावरून उडून शेतकऱ्याला जाऊन चिकटते. आणि सोयाबीनचे अफाट मळे व गुरांची कुरणे यांसाठी ब्राझीलमध्ये जे रान गेले, त्याच्या शेजारी कुटुंबाच्या पोटापुरत्या जाळलेल्या तुकड्याचे नाव एकाच यादीत, एकाच वजनाने येणे, हा तुलनेचा दोष म्हणावा लागेल.

दुसरे स्थळ मानवी वस्तीच्या पाठातील. ब्राझीलची लोकवस्ती किनाऱ्याला चिकटून राहिली, अंतर्भाग विरळ राहिला, म्हणून तेथील सरकारने 'पश्चिमेकडे चला' हे धोरण अंगीकारले, असे त्यात सांगितले आहे. विधान खोटे नाही. झेतुलियु व्हार्गास याच्या राजवटीत १९३० च्या दशकाच्या अखेरीस ही हाक दिली गेली. १९४३ साली शिंगू नदीच्या प्रदेशात मोहीम निघाली. १९६० साली ब्राझिलिया ही नवी राजधानी अंतर्भागात वसली. आणि १९७० नंतर लष्करी सरकारने अमेझॉनच्या रानातून आडवा महामार्ग काढावयास घेतला. त्या वेळच्या घोषणेचा आशय असा होता, की माणसे नसलेली जमीन जमीन नसलेल्या माणसांना द्यावयाची. प्रश्न असा आहे, की ती जमीन माणसांविना होती काय? ब्राझीलच्या २०१० च्या शिरगणतीत, म्हणजे पाठ्यपुस्तकाने जिचे आकडे घेतले आहेत त्याच शिरगणतीत, सुमारे ९ लाख मूलनिवासी, त्यांचे ३०५ समाज आणि २७४ भाषा नोंदल्या आहेत. लोकसंख्येच्या पाठाचा भर घनता, लिंग-गुणोत्तर, वयोगट आणि साक्षरता यांवर आहे. विरळ वस्तीच्या नकाशावर फिकट रंगाने दाखविलेल्या प्रदेशात कोण राहतात, ही जिज्ञासा त्या फिकट रंगाबरोबरच पुसट होते.

राजुऱ्यातील वाचकास ही कथा नवी नाही. हा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानाच्या व नंतर त्या राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत तो मुंबई राज्यात, नांदेड जिल्ह्यात आला आणि १९५९ साली चांदा जिल्ह्यास जोडला गेला. काझीपेठ-बल्लारशा लोहमार्ग १९२० च्या दशकाच्या अखेरीस पुरा झाला आणि त्या वाटेने आलेल्या नव्या शेतकऱ्यांनी, सावकारांनी व ठेकेदारांनी गोंडांच्या जमिनी हळूहळू आपल्याशा केल्या. एकीकडून राखीव जंगलाची सीमा, दुसरीकडून नव्या पट्टेदाराचा बांध, अशा कात्रीत गोंड सापडले. कुमराम भीमू याचा उठाव आणि १९४० साली जोडेघाट येथे झालेला त्याचा शेवट हे याच कात्रीचे फळ होते. निजाम सरकारने हायमेनडॉर्फ यास या प्रदेशाच्या पाहणीस पाठविले तेही त्यानंतरच. पुढे १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे मराठवाड्यातून अनेक कुटुंबे जिवतीच्या डोंगरावर येऊन वसली. तीही गरजू, जमीन नसलेली माणसे होती, आणि त्यांच्या पट्ट्यांचा प्रश्न वनखात्याशी वर्षानुवर्षे चालत राहिला. तेव्हा येथे कोणी एक पक्ष खलनायक आणि दुसरा बळी, अशी सोपी वाटणी करता येत नाही. ब्राझीलमध्येही ती करता येत नाही: अमेझॉनच्या महामार्गावर जाऊन बसलेल्यांत ईशान्येच्या अवर्षणातून निघालेले कंगाल शेतकरी होते. असे दोन प्रदेश शेजारी ठेवले असते, तर तुलना या शब्दास अर्थ आला असता. ब्राझीलच्या १९८८ च्या राज्यघटनेने मूलनिवासींचा त्यांच्या भूमीवरील मूळ हक्क मान्य केला. आपल्याकडे २००६ साली वनहक्क कायदा झाला आणि गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावास २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. भारत आणि ब्राझील या दोन प्रचंड देशांच्या सरासऱ्या एकमेकींशी ताडून पाहण्यापेक्षा शिंगूच्या काठची एक वस्ती आणि वैनगंगेच्या खोऱ्यातील एक गाव यांची तुलना अधिक शिकवून जाते, असे माझे मत आहे.

याच संदर्भात इतिहासाच्या एका वाक्याबद्दल आक्षेप नोंदवितो. १९३० ते १९८५ हा अर्ध्या शतकाहून अधिक काळ ब्राझीलमध्ये लष्करी सत्तेचाच होता, असा समज पुस्तकातील निवेदनावरून होतो. ते बरोबर नाही. व्हार्गासची पहिली राजवट १९४५ साली संपली. त्यानंतर निवडणुका झाल्या; खुद्द व्हार्गास १९५० साली मतपेटीतून परत आला आणि १९५४ साली त्याने आत्महत्या केली. १९५६ ते १९६१ या काळात अध्यक्ष असलेला जुसेलीनु कुबिचेक हाही लोकनियुक्तच होता, आणि ब्राझिलियाची उभारणी त्याच्याच कारकीर्दीत झाली. लष्कराने सत्ता घेतली ती १९६४ साली, आणि २१ वर्षांनी ती सोडली. मधली ही जवळजवळ दोन दशके गाळली की तेथील जनतेला लोकशाही नुकतीच कोणी शिकविली आहे, असे चित्र उभे राहते. पुढील आवृत्तीत दोन ओळींची दुरुस्ती पुरेल.

आता समाज आणि व्यवहार यांकडे वळू. पाठ्यपुस्तकात अर्थव्यवस्थेचा पाठ आहे. त्यात पिके, खनिजे, उद्योग व व्यापार येतात. परंतु ब्राझीलचा माणूस व्यवहार कसा करतो, याची चाहूल त्यातून लागत नाही. उलट परदेशी व्यापाऱ्यांसाठी लिहिलेली जी देशपरिचयाची लहान पुस्तके असतात, त्यांत याच गोष्टीची रेलचेल असते: भेटीस गेल्याबरोबर कामाचे बोलू नका, आधी कुटुंबाची व फुटबॉलची चौकशी करा, कॉफीस नाही म्हणू नका, अंगठा व तर्जनी जुळवून 'ठीक' अशी खूण करू नका, कारण तेथे ती अश्लील समजली जाते. हे नियम चुकीचे असतात असे नाही. पण व्याकरण न शिकवता वाक्ये पाठ करून घ्यावीत तसा तो प्रकार आहे. पाठ केलेले वाक्य ज्या प्रसंगासाठी होते तो प्रसंग जरा बदलला, की माणूस मुका होतो. एकीकडे माणसांविना आकडे आणि दुसरीकडे कारणांविना शिष्टाचार, अशा दोन टोकांमध्ये देशाची ओळख हरवते.

ब्राझीलच्या स्वतःच्या विचारवंतांनी हे व्याकरण लिहून ठेवले आहे. सर्जियु बुआर्के दी होलांदा याने १९३६ साली 'हायझिस दु ब्राझिल' (ब्राझीलची मुळे) हा ग्रंथ लिहिला. त्यात ब्राझीलच्या माणसास त्याने हृदयाशी संबंध असलेल्या एका विशेषणाने ओळखले आहे. पुष्कळांनी त्याचा अर्थ 'अगत्यशील' असा केला, आणि पर्यटनाच्या जाहिरातींना तो सोयीचाही पडला. लेखकाचा आशय अगदी निराळा होता: जो माणूस प्रत्येक संबंध, मग तो मैत्रीचा असो वा वैराचा, व्यक्तिगत पातळीवर आणल्याखेराज हाताळू शकत नाही, नुसत्या नियमाशी ज्याला बोलता येत नाही, तो हा माणूस. ब्राझील वा अर्जेंटिनात गिऱ्हाईक मिळवावयाचे तर आधी त्याला मित्र करावे लागते, याचे एका अमेरिकन व्यापाऱ्यास वाटलेले नवल होलांदाने त्या ओघात सांगितले आहे. पोर्तुगीजमध्ये गिऱ्हाइकास 'फ्रेगेश' म्हणतात, आणि या शब्दाचा जुना अर्थ एकाच चर्चच्या हद्दीत राहणारा, तेथील उपासक, असा आहे. विकणारा आणि घेणारा हे मुळात एकाच गावाचे, एकाच घंटेचा आवाज ऐकणारे, हा भाव त्या शब्दाच्या पोटात आहे. आमच्याकडच्या आठवडी बाजारात 'नेहमीचे गिऱ्हाईक' या दोन शब्दांत जो उधारीचा, खात्यावहीचा आणि लग्नकार्यातील आमंत्रणाचा गोतावळा सामावलेला असतो, तो ज्याने पाहिला आहे त्यास हे समजावयास ग्रंथाचीही गरज लागू नये.

होलांदाने आणखी एका भाषिक लकबीकडे लक्ष वेधले आहे, ती म्हणजे लघुत्वदर्शक प्रत्यय. ब्राझीलमध्ये नावांना व वस्तूंना 'इन्यु' लावून त्या जवळच्या केल्या जातात. कार्यालयात पाहुण्यापुढे येते ती कॉफी नव्हे, 'कफेझिन्यु'. नियमाच्या भिंतीत एखादी फट शोधून काम करून घेण्याच्या कलेस 'जेइतिन्यु' म्हणतात. 'जेइतु' म्हणजे रीत, आणि त्याचे हे लाडके रूप. आपल्याकडचा 'जुगाड' याचा सख्खा भाऊ वाटतो, पण पुरता नाही. जुगाडात भर वस्तूवर, युक्तीवर असतो. जेइतिन्युत समोरच्या अधिकाऱ्याचे मन वळविण्यावर असतो. त्यात आर्जव आहे, हसणे आहे, आणि माणुसकीच्या नात्याने घातलेली गळ आहे. वशिला त्याहून वेगळा, कारण त्यास तिसरा माणूस लागतो. आणि तो तिसरा माणूस तेथे चक्क व्यवसाय म्हणून उपलब्ध असतो: सरकारी कचेऱ्यांतून कागद पुढे सरकवून देणाऱ्या मध्यस्थास 'देस्पाशांती' म्हणतात. आपल्या तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून बसलेल्या अर्जनविसाशी त्याचे साम्य आहे, मात्र त्याची पोहोच अधिक. होबेर्तु दामाता या मानवशास्त्रज्ञाने १९७९ सालच्या आपल्या ग्रंथात या सौजन्याची दुसरी बाजू उघडी केली. रांगेत थांबवले गेलेला प्रतिष्ठित माणूस तेथे गुरकावतो : तू कोणाशी बोलतो आहेस याची कल्पना आहे का? हे वाक्य मराठीत भाषांतरित करावे लागत नाही. कोणत्याही टोलनाक्यावर ते तयारच मिळते. माझ्या मते ब्राझील आणि भारत यांच्या तुलनेत पर्जन्यमानाच्या आलेखांइतकेच महत्त्व या एका वाक्यास आहे.

संबोधनांचेही असेच. ब्राझीलमध्ये सर्रास वापरले जाणारे 'व्होसे' हे सर्वनाम मुळात 'आपली कृपा' अशा अर्थाचे आदरार्थी संबोधन होते. झिजून झिजून ते आता बरोबरीच्या माणसासाठी राहिले, आणि आदरासाठी 'सेन्योर' हा वेगळा शब्द घ्यावा लागला. पण आडनावाने हाक मारण्याची चाल नाही. आदर दाखवावयाचा तोही पहिल्या नावाला जोडून : 'दोना मरिया', 'सेउ जुआंव'. राष्ट्राध्यक्षही लुला या टोपणनावानेच ओळखला जातो, आणि ते टोपणनाव त्याने १९८२ साली कायद्याने आपल्या नावात घातले. भाऊ, दादा, मामा, काकाजी अशा नात्यांच्या शब्दांनी बाजार चालविणाऱ्या वैदर्भीयास यात नवल वाटणार नाही. परंतु दोहोंत भेद आहे आणि तो महत्त्वाचा आहे : आपण परक्याला नात्यात घेतो, ते त्याला नावाने घेतात.

अशी ओळख शालेय पुस्तकात मावेल काय, असा प्रश्न विचारला जाईल. सर्व मावणार नाही. परंतु ब्राझीलची ओळख ही राजुऱ्याच्या मुलास केवळ गुणांची बाब राहिलेली नाही, हेही ध्यानी घ्यावे. या तालुक्यात कापसाबरोबर सोयाबीन घेतले जाते, आणि जगात सर्वाधिक सोयाबीन पिकविणारा देश ब्राझील आहे. तेथील मातु ग्रोसुतील पीक भरघोस आले, की त्याचा दाब जागतिक बाजारातून आपल्या अडत्याच्या भावापर्यंत पोहोचतो. १९७३ साली स्थापन झालेल्या एम्ब्रापा या तेथील कृषिसंशोधन संस्थेने सेर्रादु पठाराच्या आंबट, निकस मातीत चुना घालून व उष्ण प्रदेशास मानवणारी वाणे काढून हे पीक रुजविले. ही कथा आमच्या शेतकऱ्याच्या मुलास सांगावी अशी आहे. पुस्तकात सोयाबीनचे नाव येते. त्याचा धागा मुलाच्या वावरापर्यंत आणण्याचे काम शिक्षकावर राहते, आणि शिक्षकाच्या हाती त्यासाठी काही दिलेले नाही.

परका समाज समजून घेण्याचा एक नमुना याच प्रदेशात घडून गेला आहे. सेतुमाधवराव पगडी हे आदिलाबादेत अधिकारी असताना गोंड व कोलामांमध्ये फिरले, त्यांच्या भाषा शिकले आणि पुढे त्यांनी गोंडी व कोलामी या दोन्हींची व्याकरणे लिहिली. कोलामीचे त्यांचे व्याकरण १९५० चे, म्हणजे एमेनो यांच्या १९५५ च्या सुप्रसिद्ध ग्रंथाच्याही आधीचे. मराठी इतिहासकार म्हणून त्यांचा लौकिक मोठा. मला त्यांचे हे काम तितकेच मोलाचे वाटते. ज्यांच्यावर अंमल चालवावयाचा त्यांची भाषा प्रथम आपण शिकावी, ही साधी गोष्ट किती जणांना सुचते? हायमेनडॉर्फच्या प्रेरणेने १९४० च्या दशकात मारलवाई येथे गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले आणि देवनागरीत गोंडी वाचनमाला छापल्या गेल्या. तो प्रयोग पुढे मागे पडला. २०११ च्या शिरगणतीत सुमारे ३० लाख लोकांनी गोंडी ही मातृभाषा म्हणून सांगितली आहे. तरीही गडचिरोलीत धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेला २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा स्वतःच्या हिमतीवर काढावी लागली. राजुरा-जिवतीच्या वर्गात मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी आणि बंजारा अशा घरभाषांची मुले एका बाकावर बसतात. परमडोली, मुकदमगुडा यांसारख्या सीमेवरील गावांवर तर दोन राज्यांनी हक्क सांगितला. 'गुडा' हा त्या नावाचा शेवटच आपले कूळ तेलुगू-गोंडी मुलखात सांगतो. २७४ भाषांचा ब्राझील समजण्यास याहून योग्य वर्ग महाराष्ट्रात विरळा.

म्हणून पुस्तकाच्या पुढील आवृत्तीसाठी मोठी मागणी न करता तीन किरकोळ सूचना करतो. विशेषनामे मूळ पोर्तुगीज उच्चारावरून घ्यावीत आणि त्या कामी गोव्यातील जाणकारांचे साहाय्य घ्यावे. १९३० ते १९८५ या काळाविषयीचे निवेदन दुरुस्त करावे. आणि वनस्पतींच्या पाठाखालील स्वाध्यायात एक प्रश्न घालावा : रान तोडून केलेल्या शेतीस तुमच्या घरातील वडीलधारी माणसे कोणता शब्द वापरतात, तो विचारून लिहा. पहिल्या दोन सूचनांस खर्च नाही. तिसरीस उत्तरसूची करता येणार नाही आणि परीक्षकाची अडचण होईल, हे मला मान्य आहे. मात्र हे पुस्तक जोवर चालू आहे, तोवर उत्तरपत्रिकेत 'रोका' लिहिणाऱ्यास गुण मिळत राहतील, आणि जिवतीच्या एखाद्या मुलाने तेथे 'पोडू' लिहिले तर त्यास मिळणार नाहीत.